टिकाऊ माल

"अंकल, अब उधर कुछ नहीं है," पोटरीवर सोनोग्राफीचं यंत्र फिरवत, पडद्यावर डोळे ठेवून डॉक्टर पद्मावती म्हणाल्या.

तपासणीच्या टेबलावर उताणे पडलेले अप्पाराव एकदम कोपरावर उठले. "नहीं बोले तो?"

याच पायाची नस गुडघ्याखाली तुंबून दोन वर्षांपूर्वी अंगठा काळा पडला होता, पाय कापायची वेळ आली होती. तेव्हा नस उघडी ठेवायला धातूची जी बारीक जाळी आत बसवली, ती त्यांच्या लेकीनं, श्रुतीनं, आपल्या कंपनीत घडवलेली. तेव्हापासून हैदराबादच्या चिक्कडपल्लीतल्या त्यांच्या भांड्यांच्या दुकानात कुणी डबा घ्यायला आलं, की अप्पाराव पायजमा वर करून पोटरी दाखवत. "लेकीच्या हातचा माल आहे आत!" दिसत काहीच नसे, पण गिऱ्हाईक मान डोलवी.

काम झालं की ही जाळी अंगातच विरघळते, हे डॉक्टरांनी आधीच नीट सांगितलं होतं. पण "लेकीनं केलंय, मला काय समजावता," म्हणत अप्पारावांनी सही ठोकली होती. अभिमान चढला की माणसाला जरा कमीच ऐकू येतं.

त्यांनी उशाशी उभ्या असलेल्या श्रुतीकडे पाहिलं. "आपल्या दुकानातली परात तीस वर्षं टिकते, अन् तुझा माल दोन वर्षांत खलास? आता नस परत तुंबली म्हंजे? पाय तर जाईलच, वर सगळ्या बाजारात नाक जाईल माझं!"

श्रुतीचा चेहरा उतरला. जाळी गेल्यावर नस उघडी राहिली असेल ना, याच धास्तीनं ती रजा टाकून आली होती.

"थांबा ना, बाबा," एवढंच ती म्हणाली.

डॉक्टरांनी यंत्राचा आवाज वाढवला. भस्स, भस्स, भस्स. पायातलं रक्त खोलीभर ऐकू येऊ लागलं.

"रास्ता पूरा खुला है, अंकल. नस अब खुद संभल गई."

श्रुतीनं पायथ्याशी येऊन वडिलांच्या पावलावर दोन बोटं टेकवली. ठोका लागत होता. तिचे डोळे भरून आले आणि बोटं काही उचलवेनात.

अप्पाराव टेबलावरून खाली उतरले. मग चपला घालून तरातरा बाहेर गेले आणि त्यांनी बायकोला फोन लावला. आवाज असा, की खालच्या औषधवाल्यालाही ऐकू जावा.

"अगं, ऐकलंस का? पोरीनं घडवलेलं सगळं विरघळून गेलं!" आणि ती घाबरून काही विचारायच्या आत, छाती काढून म्हणाले, "पाय तेवढा राहिला."