निळ्या झाकणाचा डबा

निळ्या झाकणाच्या डब्यातला खुराक पुन्हा कमी भरला. संशोधन करणाऱ्या सुविधाने तिसऱ्यांदा तोलून पाहिला. प्रयोगाचे उंदीर जेवढं खातात त्याहून दोन किलो जास्त गेला होता.

"सगुणबाब, बाहेरचे उंदीर घुसले की काय हो आत?"

सगुण पाठमोरा उभा राहून पिंजरे धूत होता. नार्वे गावचा, बावन्न वर्षांचा. डिचोलीजवळच्या या प्रयोगशाळेत उंदरांचं खाणंपिणं तोच बघायचा. त्याने नळ बंद केला, पण वळला नाही.

"बाय, तो मी नेला."

"कशाला? कुत्र्याला?"

"आईला."

सुविधाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"पूड करून पेजेत घालतो," तो भिंतीकडे बघत म्हणाला. "रोज सकाळी मूठभर. दीड महिना झाला."

लाल आणि निळ्या अशा दोन झाकणांचे डबे होते. एकातला खुराक साधा, दुसऱ्यातल्या खुराकात आयुष्य वाढतं का ते बघायचं औषध. कुठल्यात काय, ते प्रयोग संपेपर्यंत तिलाही कळायचं नव्हतं. तिने मनात सप्तकोटेश्वराला हात जोडले.

"निळ्यात साधाच असेल कदाचित. मलासुद्धा ठाऊक नाही."

"ना बाय. औषध निळ्यातच आहे. तो खाणारे म्हातारे उंदीर अजून चाकावर चढतात. लाल डब्यातले कोपऱ्यात पडून असतात. मी रोज बघतो मगो."

तिने प्रयोगाच्या प्रमुख सरांना फोन लावला. कुठल्या डब्यात काय ते लिहिलेलं बंद पाकीट सरांनी कारण न विचारता फोडलं. निळाच.

"आई कशी आहे आता?"

तेव्हा कुठे सगुण वळला. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"नदीवर पायाला शिंपली कापली, बारा दिवस झाले. जखम सुकतच नाही. परवापासून ताप चढलाय. हातातून जाते की काय, असं वाटलं, म्हणून मग..."

"म्हणून काय?"

"म्हणून दोन मुठी घालायला लागलो."

हेच औषध माणसांनाही देतात. दुसऱ्याचं मूत्रपिंड बसवलेल्यांना, शरीराने ते झिडकारू नये म्हणून. शरीराची रोगाशी झुंजायची ताकदच ते कमी करतं. उंदीर स्वच्छ पिंजऱ्यात राहतात. म्हातारी नदीकाठी अनवाणी फिरत होती. सुविधाने हे दोन वाक्यांत सांगितलं आणि स्कूटरची चावी उचलली.

नार्व्याला पोचेपर्यंत मागे बसलेल्या सगुणचा श्वास तिच्या कानाशी लागत होता, पळून आल्यासारखा.

त्याची आई पद्मावती आतल्या खोलीत पडली होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, मूठभर बाई. पाय घोट्यापर्यंत सुजून चकाकत होता. उशाशी पेजेचा वाडगा होता, चाटूनपुसून रिकामा केलेला.

"कोण गो तू? कोणाची?"

"पार्से गावची, आजी. चला, डॉक्टरकडे जायचं."

शेजाऱ्याच्या गाडीतून तिला डिचोलीला नेलं. डॉक्टरांनी पाय पाहिला, ताप पाहिला आणि विचारलं, "घरी काही औषध चालू होतं?"

सगुण जमिनीकडे बघत राहिला. सुविधाला एका क्षणात सगळं दिसलं. चार वर्षांचं काम, चौकशी, सगुणची नोकरी. न सांगता चाललं असतं, आजचा दिवस तरी.

"उंदरांचा खुराक," ती म्हणाली आणि औषधाचं नाव सांगितलं.

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं, मग सगुणकडे. "आज आणलीत म्हणून बरं. रक्तात विष भिनायला लागलंय. चार दिवस काही सांगता यायचं नाही."

ते चार दिवस सगुणने दवाखान्यातल्या कॉटच्या पायथ्याशी काढले. आई झोपली की तो तिच्या नाकाशी बोट धरायचा. तिने पाणी मागितलं तरी दचकायचा. पाचव्या दिवशी ताप उतरला. आठव्या दिवशी जखम कडेने भरू लागली. प्रयोग बंद झाला होता आणि सगुणला प्राण्यांच्या खोलीत पाय ठेवायची मनाई झाली होती. ते ऐकून तो आईसाठी चहा आणायला खाली गेला.

तो गेल्याचं बघून म्हातारीने सुविधाला खुणेने जवळ बोलावलं.

"रक्तात विष भिनलंय म्हणाला डॉक्टर तुला, ते मी ऐकलंय. माझ्या झिलाला, सगुणला, कोण पोलीस बिलीस नेणार नाही मगो?"

"नाही हो, आजी."

"मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. चुलीकडे पाठ करून काहीतरी कुटायचा, मागेपुढे बघत. पेजेला कसलातरी वास यायचा. पहिल्या दिवशी भ्याले गो. वाडगा धरवेना." ती थांबली. दाराकडे बघून तिने आवाज आणखी खाली आणला. "मग म्हटलं, कंटाळला असेल. किती वर्षं करणार एकटा? पोटचा पोर आहे, त्याला दुसऱ्यांदा घालायला लागू नये. म्हणून शीतसुद्धा टाकलं नाही कधी."