बर्फी आल्यावरच

संत्रा बर्फीचा डबा खाली आला आणि हिमानीने मेसेज पाठवून दिला.

वरच्या मजल्यावर डेव्हलपर, खालच्या मजल्यावर प्रचारवाले आणि मधल्या जिन्यावर हिमानी, अशी त्या ऑफिसची रचना होती. नवीन काही सुरू झालं की वरच्यांनी तिला सांगायचं, तिने खालच्यांना, आणि मगच ते गावोगावी कळवायचं. पण डेव्हलपरचं 'झालं' म्हणजे 'होईलच की'. एकदा त्या 'झालं'वर भरवसा ठेवून मोठी घोषणा सुटली आणि झालेलं काहीच नव्हतं. विश्वास तेव्हाच पानिपतात गेला. तेव्हापासून नियम असा की रिलीज खरोखर बाहेर पडलं की वरच्यांनी बर्फी पाठवायची. बर्फी नाही तर मेसेज नाही. चहाचेसुद्धा वाटे करणारी ती मंडळी उगाच बर्फी आणणार नाहीत, एवढी सगळ्यांना खात्री होती.

आजचं रिलीज नेहमीचं नव्हतं. 'जागल्या' हे ॲप पेंचच्या जंगलाला लागून असलेल्या गावांसाठी होतं. वाघ शेताकडे आला की जंगलातले कॅमेरे त्याला टिपत आणि शेतकऱ्याच्या फोनवर भोंगा वाजे. पण भोंग्याने माणसाआधी वाघच बिथरतो, अशी ओरड झाली. म्हणून नव्या जागल्यात भोंगाच काढून टाकला. आता वाघ जवळ असला की फोन खिशात नुसता थरथरणार आणि वाघ दूर जाईपर्यंत मुका होणार. 'थरथरला की जागीच थांबा, आवाज करू नका,' हे मेसेजमधलं वाक्य हिमानीने स्वतः लिहिलं होतं. तिला ते फार आवडलंही होतं.

या बदलासाठी जुना भोंगा सकाळीच बंद केला होता. आमचा मेसेज येईपर्यंत जंगलाकडच्या शेतात जाऊ नका, असं सगळीकडे कळवलं होतं. त्यात पारशिवनीजवळचं हिमानीचं गावही होतं.

बर्फीचा तुकडा हातात घेऊनच ती वर गेली. दुर्गेशची खुर्ची रिकामी होती. रिलीजचं सगळं काम त्याच्याकडे असे.

"दुर्गेशभाऊ कुठं आहे गा?" तिने शेजारच्या पियूषला विचारलं.

"दवाखान्यात पळाले, ताई. मुलगी झाली न त्यायले! बर्फी नाही भेटली काय?"

हिमानीने तोंडाकडे नेलेला तुकडा खाली घेतला. "बर्फी मुलीची होती?"

"मंग कायची?"

"अन् रिलीज?"

"ते मले नाही माहीत. त्यायच्याच मशीनवर होतं. आता लॉक आहे."

दुर्गेशचा फोन बंद लागला. भोंगा बंद, नवं सुरू नाही, आणि तिने सगळ्यांना सांगितलं होतं की खुशाल जा. जिना उतरता उतरता तिने घरी फोन लावला.

"आई, बाबा कुठं आहेत?"

"शेतात," शोभाताई म्हणाल्या. "तुया मेसेज आला न निंगाले. वेचलेला कापूस धुऱ्या-बांधावरच आहे म्हणून सकाळपासून चुळबुळ करून राहिले होते. शेजारचे ताराचंदभाऊ बी आहेत संगं. काहून वं?"

"काही नाही. सहज."

बाबांकडे, म्हणजे मारोतरावांकडे, दोन फोन होते. एक मोठा, जागल्यासाठी लेकीने घेऊन दिलेला. दुसरा जुना, बटणांचा. मोठा आला तरी जुना त्यांनी काही सोडला नाही. त्यांना कमी ऐकू यायचं, त्यामुळे त्याचा आवाज असा की पलीकडच्या शेतातला माणूस दचकावा. हिमानी त्याला डबडं म्हणायची.

तिने मोठ्यावर फोन केला. घंटी होऊन होऊन थांबली. पुन्हा केला. लेकीचा फोन बाबा असे कधी सोडत नसत. तिला रडू यायला लागलं. जंगलाच्या कडेची ती उंच तूर डोळ्यांसमोरून हलेना. बाबांना काही झालं तर ते आपणच केलं, एवढं एकच तिला कळत होतं. मग तिने डबड्यावर लावला.

दोनदा वाजलं आणि मध्येच बंद झालं.

"मेसेज मागं घेऊ या," तिचं सगळं ऐकून खालची प्रचारवाली सहकारी भूमिका म्हणाली आणि 'ताबडतोब शेतातून परत या' असं लिहायला बसली. तेवढ्यात दुर्गेशचा फोन आला.

"काहून इतके कॉल करून राहिली? बॅटरी उतरली होती माझी."

"रिलीज केलं का तुम्ही? खरं सांगा."

"करूनच निंगालो न. चालू झालं, डोळ्यानं पाहिलं, मंग बर्फी सांगितली. मुलीची अन् रिलीजची एकच. नियम मोडीन काय मी?"

हिमानी खुर्चीत बसली. ती हसत होती आणि डोळे पुसत होती. दुधाने तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं, ती तर डब्यातली बर्फी फुंकत बसली होती! तिने दुर्गेशला मुलीचं नाव विचारलं, पोटभर अभिनंदन केलं. भूमिकाने अर्धा लिहिलेला मेसेज पुसून टाकला. बर्फी खरंच चांगली होती.

फोन पुन्हा वाजला. बाबांचं डबडं होतं.

"बाबा! काहून उचलत नव्हते तुम्ही? किती घाबरली मी!"

"मी ताराचंद बोलून राहिलो, पोरी." पलीकडे बरीच माणसं ओरडत होती. "तुया जागल्या बरोबर थरथरला वं. आमी दोघंबी तुरीत जागीच थांबलो, श्वास बी नाही घेतला. वाघीण पाठ फिरवून चालली बी होती." त्यांचा आवाज फुटला. "मंग मारोतरावाच्या खिशातला तो दुसरा फोन वाजला."