ताई जगते तो शेवट

“मेली परत,” भावोजी म्हणाले आणि त्यांनी माऊस बाजूला सारला.

“डॉक्टरला फोन केलात ना? तिथेच चुकता तुम्ही.” मेहुणीने चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवला. “डॉक्टर येईपर्यंत सगळं आटोपलेलं असतं.”

“मग करायचं तरी काय? शेजारणीला हाक मारली तरी मरते, खिडकी उघडली तरी मरते. आणि खुनी कोण ते शेवटपर्यंत कळत नाही. हा खेळ आहे की छळ?”

खेळ मेहुणीनेच बनवला होता. कॉम्प्युटरच्या पडद्यावर चित्रं, खाली पात्रांची बोलणी आणि मधूनमधून प्रश्न, आता तुम्ही काय कराल? रहस्यकथाच ती, फक्त पान उलटायच्या ऐवजी पुढचं आपण ठरवायचं. एका घरात दम्याने घुसमटणारी बाई, तिचा श्वासाचा पंप कुणीतरी लपवलेला. पंप शोधायचा, बाईला वाचवायचं, लपवणाऱ्याला पकडायचं. पण काहीही निवडलं तरी बाई मरायची आणि खुनी उजळ माथ्याने फिरायचा.

खेळ बाजारात आल्यापासून लोकांनी तिला धारेवर धरलं होतं. ‘निवड कसली डोंबलाची, सगळ्या वाटा सरणाकडेच जातात,’ असं एकाने लिहिलं होतं. खेळ विकणाऱ्या कंपनीचा माणूस तर रोज फोन करून डोकं खायचा. मेहुणी त्याला सांगायची की चांगला शेवट आत आहे, कुणाला सापडत नाही त्याला मी काय करू? शेवटी तो वैतागला. उद्यापर्यंत एका तरी माणसाने तो शेवट गाठून दाखवावा, नाहीतर आम्ही खेळ काढून टाकतो, म्हणाला. एवढ्या दिवसांची तिची मेहनत पाण्यात जायची वेळ आली होती.

“चिमणे, खरं सांग,” भावोजी म्हणाले. “असा शेवट आहे का? की तुझ्याने लिहवलाच नाही?”

“आहे.”

“मग त्या माणसाला वाट सांगून मोकळी हो की.”

“मी सांगितली तर ती त्याची निवड कशी होईल?”

भावोजींनी मान हलवली. त्यांना पटलं नव्हतं. खेळातलं घर कुणाचं आहे हे त्यांनी पहिल्या चित्रातच ओळखलं होतं. ताई तशीच गेली होती, दोन वर्षांपूर्वी, घरी एकटी असताना. भावोजी कामावर होते. पंप नेहमीच्या जागी नव्हता. घाबरल्यामुळे तिच्या हातून कुठेतरी पडला असेल, असं डॉक्टर म्हणाले आणि सगळ्यांनी ते मान्य केलं. खुनाचा मसाला काय तो खेळासाठी घातलेला.

ताई गेल्यावर मेहुणीने अन्नपाणी टाकलं, तेव्हा भावोजीच समोर बसून तिला दोन घास खायला लावत. ते लिफ्ट दुरुस्त करायचे. दर रविवारी यायचे, गळका नळ आवळायचे, कुरकुरणाऱ्या दाराला तेल द्यायचे आणि तिच्या स्वयंपाकाची यथेच्छ टिंगल करून जायचे. असा माणूस पाठीशी असला की दुःखातून वर येता येतं. मेहुणी आली होती. पुन्हा हसायला लागली होती, कामाला लागली होती.

“चल, आण इकडे,” म्हणत भावोजींनी माऊस परत ओढला. “आज हिला मरू द्यायची नाही म्हणजे नाही.”

पडद्यावर ताईची खोली आली. निवडता येण्याजोग्या वस्तूवरून माऊस गेला की ती वस्तू उजळायची. अशा खेळांचा रिवाजच तो. खेळणारे उजळलेल्या वस्तूंवर क्लिक करतात, बाकीचं सगळं शोभेचं चित्र म्हणून सोडून देतात. भावोजींनी खण उघडला, पर्स उपडी केली, उशी उचलली. पंप नव्हता. श्वासाची घरघर वाढत चालली.

“हा आवाज तरी बंद कर गं.”

“तेवढा राहू दे, भावोजी.”

त्यांच्या कपाळावर घाम आला होता. मेहुणी खुर्चीची पाठ धरून मागे उभी होती. तिचाही जीव टांगणीला लागला होता. घड्याळाचा काटा पडद्याच्या कोपऱ्यात सरकत होता आणि ताईचे ओठ निळे पडायला लागले होते.

दारामागे एक मिटलेली छत्री टांगलेली होती. माऊस तिच्यावरून गेला. ती उजळली नाही. भावोजींचा हात तिथेच घोटाळला. मग त्यांनी छत्रीवर क्लिक केलं.

छत्री उघडली आणि आतून पंप जमिनीवर पडला.

ताईने तो तोंडाला लावला. घरघर थांबली. ती हळूहळू उठून बसली, कपाळावरचे केस मागे सारले आणि म्हणाली, “पाणी दे गं जरा.” खोलीत सकाळचं ऊन आलं. हे चित्र आजवर कुणीच पाहिलं नव्हतं.

भावोजी रडत होते. तोंडावर हात दाबून, हमसून हमसून. मेहुणीचेही डोळे भरून आले. ताईला पुन्हा बोलताना पाहून तिला फार बरं वाटलं. तिने फोन उचलला आणि कंपनीच्या माणसाला सांगितलं, “शेवट सापडला. हो, आत्ताच. माझ्यासमोर.”

मग तिने हळूच विचारलं, “कसं सुचलं, भावोजी?”

“सहज गं,” ते डोळे पुसत म्हणाले. “हात गेला.”

आठवण म्हणून ताईच्या घरून आणलेली छत्री मेहुणीने एका पावसात पहिल्यांदा उघडली आणि पंप तिच्या पायाशी पडला, तेव्हा आसपास चिटपाखरूही नव्हतं, आणि ती गोष्ट तिने आजवर फक्त या खेळाला सांगितली होती.