दिव्यानीच्या नावाची पिशवी

रक्ताची पिशवी वॉर्डात आली तेव्हा दिव्यानीचे ओठ राखेसारखे झाले होते. सिस्टरनं पिशवीवरचं नाव वाचलं, गट वाचला, पुन्हा एकदा वाचला. तिचा बाप मुखरू उठून उभा राहिला. तीन दिवस तो या पिशवीच्या मागे चंद्रपूरभर हिंडत होता.

बी निगेटिव्ह मुळातच दुर्मिळ, त्यात मे महिन्याचं ऊन. कॉलेजं बंद, शिबिरं बंद. दिव्यानीला आजवर रक्त देणारी चार माणसं मुखरूला तोंडपाठ होती. एकाची बदली झाली होती, एक तापानं पडला होता, एकानं मागच्याच महिन्यात दिलं होतं. उरला मूल गावचा ऑटोवाला प्रफुल. तो काल भर दुपारी आला, रक्त दिलं आणि चहासाठीही न थांबता गेला.

पोरगी पाच वर्षांची असताना सिकलसेल हा रक्ताचा आजार निघाला आणि तेव्हापासून तिला वरचेवर रक्त लागायचं. आता ती अकरा वर्षांची झाली होती. एवढ्या वर्षांत मुखरूनं एक गोष्ट चुकवली नव्हती. धान निघालं की नव्या तांदळाच्या चार थैल्या भरायच्या आणि दिव्यानीला घेऊन त्या चौघांच्या दारी जायचं. थैली तिच्याच हातानं द्यायला लावायची. "लोकं आपल्याले देतेत, तं आपला हात बी उघडा पायजे," तो तिला सांगायचा. त्यांच्या गावाहून, पोंभुर्ण्याहून, एसटीनं जाताना ती चारही थैल्या मांडीवर घेऊन बसायची. हा आजार किती दिवसांचा, हे मात्र त्यानं तिला कधी सांगितलं नव्हतं. तिनंही कधी विचारलं नव्हतं.

सिस्टर नळी जोडणार तेवढ्यात डॉक्टरबाई आत आल्या. त्यांच्या मागून एक माणूस दारापर्यंत आला आणि तिथंच थबकला. त्याच्या पायात चप्पल नव्हती.

"मुखरूभाऊ, जरा ऐका," डॉक्टरबाई म्हणाल्या. "खाली एक बाळंतीण आहे, सोमारी नावाची. एटापल्लीकडची. अहेरी, गडचिरोली करत इथं आणलीय. रक्त जायचं थांबत नाही. तिचाही गट बी निगेटिव्हच, आणि ओ निगेटिव्हही शिल्लक नाही. नागपूरहून पिशव्या निघाल्यात, पण चार तास लागतील. तिच्याजवळ तासभरही नाही."

मुखरूनं खाटेवरच्या पोरीकडे पाहिलं.

"दिव्यानी चार तास काढेल असं मला वाटतं. पण खात्री देत नाही मी. पिशवी तिच्या नावाची आहे, म्हणून तुम्हाला विचारते."

मुखरूनं दाराकडे पाहिलं. तो सोमारीचा नवरा असणार. त्यानं हात जोडले नाहीत, तोंडातून शब्द काढला नाही. सिस्टरच्या हातातल्या पिशवीकडे तो नुसता बघत राहिला. त्यानं पाया पडून मागितलं असतं, तर मुखरूला निदान चिडता आलं असतं.

"नाई, बाई," मुखरू म्हणाला. "माही पोरगी तीन दिवसांपासून वाट पाहून राह्यली. मी नाई देऊ शकत."

डॉक्टरबाईंनी मान हलवली. त्यांनी त्याला बोल लावला नाही. त्या जायला वळल्या.

"बाबा, देऊन दे ना," खाटेवरून दिव्यानी म्हणाली.

"तू चूप राह्य."

"देऊन दे. मी थांबते."

एवढं बोलतानाही तिला धाप लागली. तांदूळ देणं वेगळं आणि हे वेगळं, असं मुखरूला तिला सांगायचं होतं. पण सहा वर्षं आपणच तिच्या कानात भरलेलं आता कोणत्या तोंडानं परत घ्यायचं? त्याच्यानं 'हो' म्हणवेना आणि पुन्हा 'नाही'ही म्हणवेना. तो स्टुलावर बसला आणि त्यानं मान खाली घातली. सिस्टरनं तोच होकार समजला आणि ती पिशवी घेऊन निघाली. अनवाणी पावलं तिच्या मागोमाग जिन्यावरून धावत गेल्याचं त्याला ऐकू आलं.

चार तासांचे सहा झाले. वरोऱ्याजवळ रस्ता तुंबला होता. मुखरू रुमाल ओला करून पोरीच्या ओठांवर फिरवत राहिला आणि तिचा प्रत्येक श्वास बघत राहिला. घरून तिच्या आईचे, इंदूचे, तीन फोन आले. तिन्ही वेळा त्यानं "लागलं रक्त, लागलं," असंच सांगितलं. पाचव्या तासाला दिव्यानीचा हात असा गार पडला की तो ओरडतच सिस्टरकडे धावला. सिस्टरनं पोरीच्या तोंडावर ऑक्सिजन लावला. त्यानं डॉक्टरबाईंकडे पाहिलं, पण त्याही घड्याळाकडेच बघत होत्या.

दिवस कलता कलता नागपूरची गाडी आली. पिशवी लागली. सोमारीनं डोळे उघडल्याची बातमी सिस्टरनं वर आणली. थोड्या वेळानं तिचा नवरा आला. खाटेच्या पायथ्याशी उभा राहून तो गोंडी भाषेत काहीतरी म्हणाला. ते बापलेकीपैकी कुणालाच कळलं नाही. मग तो खाली गेला.

अर्धीअधिक पिशवी उतरली तेव्हा दिव्यानीच्या ओठांना जरा रंग आला. मुखरूनं तिच्या कपाळावरचे केस मागे सारले.

"तुले भेव नाई लागलं?"

"लागलं."

"मंग काऊन म्हटलं, देऊन दे म्हनून? मी शिकवलं तसं?"

तिनं नाही म्हणून मान हलवली.

"त्या बाईले एकदाच पायजे होतं, बाबा," ती म्हणाली. "मले तं मरेपर्यंत लागतच राह्यनार हाय."