तळव्यातलं अमल

भोमारामने उजव्या हाताचा खोलगट तळवा पुढे केला. लोकरीच्या गाळणीतून उतरलेलं अफूचं पाणी त्यात काळसर चमकत होतं. पुरखाराम त्याकडे बघत राहिला. ओठ मात्र त्याने लावले नाहीत.

कोटडीत, पुरुषांच्या बैठकीच्या खोलीत, बसलेल्या म्हाताऱ्यांनी माना वळवल्या. कुरणावरून तुटलेली दोन घरं आज जोडायची होती. व्याह्याने व्याह्याच्या तळव्यातून अमल, म्हणजे हे अफूचं पाणी, घेतलं की भांडण मिटलं. मिटलं की भोमारामची सून, पुरखारामची लेक जमना, बापाबरोबर माहेरी जाणार. भांडण लागल्यापासून तिला धाडलंच नव्हतं. आता ती घुंघट ओढून दाराआड उभी होती.

"घ्या, व्याही. हात अवघडला माझा."

"मी सोडलंय," पुरखाराम म्हणाला. "जोधपूरच्या डॉक्टरने मनाई केलीय. दोन्ही मूत्रपिंडं जायला आलीत. इतक्या वर्षांच्या अफूने केलं, म्हणतो."

कोपऱ्यातला केसाबा हसला. "जन्मभर माझ्या मांडीला मांडी लावून पीत आला. बरा आजच डॉक्टर आठवला."

"अमलाने पोट साफ होत नाही, हे ठाऊक आहे," त्याच्या शेजारी बसलेला लाधूराम म्हणाला. "मूत्रपिंडाचं कधी ऐकलं नाही. माझा बाप शेवटच्या दिवसापर्यंत घेत होता."

"कशाने गेला तो?" पुरखारामने विचारलं.

"अंगावर सूज आली होती. म्हातारपण, दुसरं काय."

भोमाराम डोळे बारीक करून व्याह्याकडे बघत होता. "विष कालवलंय असं वाटतंय का?" उत्तराची वाट न बघता त्याने तळव्यातलं अमल स्वतः ओढून घेतलं, गाळणीखाली हात धरून पुन्हा भरला आणि पुढे केला. "आता?"

"विषाचा संशय नाही, व्याही."

"मग माझ्या हातात काय वाईट आहे? की भांडण ठेवायचंच आहे?"

पुरखारामने धोतर सारून पाय लांब केला. "घोट्याच्या वर अंगठा दाबा."

यात काय डाव आहे, अशा नजरेने भोमारामने आधी पायाकडे पाहिलं, मग केसाबाकडे. शेवटी डाव्या हाताचा अंगठा दाबून उचलला. मळलेल्या कणकेत पडावा तसा खड्डा पडला, आणि तसाच राहिला.

"लघवीवाटे जायचं पाणी इथं साचतं. आणखी घेतलं तर यंत्रावर रक्त धुवावं लागेल."

"काही चोळून आलात?"

"पुसून बघा."

भोमारामने उपरण्याने पाय खसखसून पुसला. पुन्हा दाबलं. पुन्हा खड्डा. तोवर उजव्या हातातलं अमल बोटांच्या फटींतून सतरंजीवर गळून गेलं होतं.

"आत सांगा," तो म्हणाला, "जमनाची तयारी करा."

"अमलाशिवाय मिटलं, हे गाव कसं मानेल?" केसाबाने विचारलं.

बापलेक फाटकाबाहेर पडले. गाळणी ठिबकत होती. खाली तळवा धरायला कुणी उठलं नाही. लाधूराम भिंतीकडे तोंड करून बसला. त्याने धोतर गुडघ्यापर्यंत वर घेतलं आणि नडगीवर अंगठा दाबला. तो अंगठा मात्र त्याला उचलवेना.