झाकणभर औषध

सत्याण्णव साली ह्यांनी पेपरात वाचलं, की रोज थोडी दारू हृदयाला चांगली असते. आमचं लिंगायत घर. सासूबाई लिंगपूजा झाल्याशिवाय पाणीसुद्धा घेत नसत. दारू स्वतःला हवी, असं त्यांच्यापुढे सांगायची ह्यांची छाती झाली नाही.

"अव्वा, हिचं हृदय नाजूक हाय," हे म्हणाले. "राजारामपुरीतल्या डॉक्टरांनी रोज झाकणभर ब्रँडी सांगितलीया."

बाटली माझ्या नावानं कपाटात आली. खोलीचं दार लावून हे प्यायचे. झाकणाचा पुढं पेला झाला. खोलीला वास यायचा, आणि सासूबाई मला पूजेच्या ताटाला हात लावू देईनात.

"आता खरं सांगा की," मी म्हणायचे.

"अव्वा जीव देईल," हे म्हणायचे.

आठ वर्षांनी हेच हार्ट अटॅकनं गेले. आमच्यातल्या रीतीप्रमाणं हार घालून, भिंतीला टेकवून ह्यांना बसवलं होतं. भरल्या घरात नणंद माझ्या गळ्यात पडून रडली.

"वैनी, एवढी वर्षं एकटीच घेत बसलीस! माझ्या दादालाबी झाकणभर दिली असतीस, तर आज जगला असता की!"