दिवंगत मानकरी

मिनियापोलिसच्या त्या हॉटेलात भरणाऱ्या विज्ञानकथा संमेलनाला ग्लेंडा ऑस्टरहाउस वर्षानुवर्षं पदरमोड करून येत होती. नावावर कादंबऱ्यांचा ढीग होता, पण मानाचं पाहुणेपद काही तिच्या वाट्याला येत नव्हतं. यंदा मात्र दाराशीच तिच्या हसऱ्या चेहऱ्याचं भलंमोठं पोस्टर झळकत होतं. ग्लेंडाचे पाय जमिनीवर ठरेनात.

मग तिने खालची ओळ वाचली. इथे दरवर्षी दोन मानकरी निवडतात, एक जिवंत आणि एक दिवंगत. ग्लेंडाचा नंबर दुसऱ्यात लागला होता.

"व्हर्लिन, अरे, मी मेलेली नाहीये," नावाचे बिल्ले वाटत बसलेल्या जुन्या मित्राला ती म्हणाली.

"बरं बाई, बदलून देतो," तो पॉपकॉर्न चघळत म्हणाला. "पण जिवंतांच्या मानासाठी तुझ्याआधी बरीच मंडळी टपून बसलीत. तुझी पाळी कधी यायची?"

ग्लेंडाने क्षणभर विचार केला. शेवटी मान तो मान. तिने काळ्या फितीचा बिल्ला गळ्यात अडकवलाही.

"शहाणी आहेस," व्हर्लिन म्हणाला. "गेल्या वर्षी हाच मान मिळाला, तेव्हा आपल्या वॉल्टने किती वाद घातला माझ्याशी, इथेच उभं राहून."

ग्लेंडा हसली. "काहीतरीच काय? वॉल्ट तर त्याआधीच्याच हिवाळ्यात गेला. मी स्वतः मूठमाती देऊन आले त्याला."

"तेच तर," व्हर्लिन मायेने म्हणाला. "त्यालाही पटत नव्हतं."